उशाखालची किल्ली

"हे बघ श्यामल, बाळंतपणानंतर मनात काही वेडंवाकडं आलं तर दाबून ठेवायचं नाही. मला फोन करायचा. आणि मी म्हणाले की आता डॉक्टरांकडे जा, तर जायचं. वाद घालायचा नाही."

रेहाना हे सांगत होती तेव्हा माझ्या अंगावर फुलांचे दागिने होते आणि समोर दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. डोहाळजेवणाला आलेल्या सगळ्या बायका मी कुठल्या वाटीला हात लावते ते बघायला पुढे सरकल्या होत्या.

"तू डॉक्टरच आहेस की," मी म्हणाले. "पाटीवर लिहिलंयस."

"पीएच.डी.वाली डॉक्टर. गोळ्या देणारी नाही. एका बाकावर बसून बी.ए. केलंय आपण, तुला हे मी सांगायचं?"

खरंच सांगायला नको होतं. मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांतला फरक आम्हाला परीक्षेत हमखास यायचा. पहिला बोलून, ऐकून उपचार करतो. दुसरा आधी वैद्यकीय डॉक्टर होतो, मग मनाच्या आजारांचा अभ्यास करतो, औषधं लिहून देऊ शकतो. मी ते इतकं घोटलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

"मी काय वेडी होणार आहे का गं," म्हणत मी एका वाटीवरचं झाकण काढलं. बर्फी. म्हणजे मुलगी. बायकांनी गलका केला. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. सगळ्या माझ्या वाटीकडे बघत होत्या आणि ती रेहानाकडे बघत होती. मला वाटलं, जेवायला कोण कोण राहिलं ते मोजत असेल.

मुलगीच झाली. मुक्ता. मिरजेला, माझ्या माहेरी. सव्वा महिना झाला की माझा नवरा सुजित आम्हाला पुण्याला न्यायला येणार, असं ठरलं होतं. तिथे तो सकाळी कामावर जाणार आणि संध्याकाळपर्यंत घरात मी आणि मुक्ता, दोघीच. गरोदरपणात मी याच चित्राची वाट बघत होते. दुपारचं ऊन, पाळणा, आम्ही दोघी.

पाचव्या दिवशी पाचवीची पूजा झाली. आमच्याकडे ती आत्याच्या हुकमाने होते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची मोठी बहीण, हौसाबाई. लग्नानंतर वर्षभरातच परत आली ती आमच्याच घरात राहिली, आणि अण्णा गेल्यावर घराची मोठी तीच. मला वाढवलंही तिनेच. तिच्याच मांडीवर मी जेवले, तिनेच माझ्या वेण्या घातल्या, शाळेच्या दारात पहिल्या दिवशी मी सोडेना तो पदरही तिचाच होता.

पूजा झाल्यावर आत्याने पाटावरची सुरी पुसली आणि मुक्ताच्या उशाखाली सरकवली.

"लोखंड असलं की वाऱ्याचं भय नाही. बाळ दचकत नाही."

मी सुरीकडे बघितलं आणि माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र आलं. सुरी होती, मुक्ता होती आणि माझाच हात होता. यापुढचं मी कधी लिहिणार नाही. ते चित्र डोळ्यांची उघडझाप होईपर्यंतच टिकलं. मी उशी उचलली, सुरी काढली, स्वयंपाकघरात नेऊन फळीवर पार मागे ढकलली.

"का गं?" आत्याने विचारलं.

"टोचेल तिला."

"उशीखालनं टोचतीय होय? तुला टोचली होती?" मग आईकडे वळून, "बघ मालन, कॉलेज शिकवलंस. आता देवाधर्माला नाकं मुरडायला लागली."

शिकलेली म्हणून असं करतेय असं सगळ्यांना वाटलं, आणि ते मला फार सोयीचं होतं. संध्याकाळी आत्याने सुरी परत ठेवली. मी परत काढली. दुसऱ्या दिवशी फोनवर सुजितसुद्धा हसून म्हणाला, "शाब्बास, अंधश्रद्धेविरुद्ध आंदोलन सुरू झालं वाटतं."

तिसऱ्यांदा सुरी काढायला मी उशीखाली हात घातला तेव्हा हाताला वेगळंच काहीतरी लागलं. किल्ली होती. आईच्या जुन्या ट्रंकेची लांब, काळी, लोखंडी किल्ली.

"लोखंडच आहे ना ते, वन्सं," आई दारातूनच आत्याला म्हणाली. "किल्लीला पण वारा भितो."

आत्या पुटपुटली, पण तिने ते चालवून घेतलं. मी आईकडे बघितलं. ती वाळत घातलेली दुपटी काढायला निघूनही गेली होती.

सुरी गेली, चित्रं गेली नाहीत. उलट ती वाढली. जिना दिसला की जिना, गरम पाण्याचा हंडा दिसला की हंडा. प्रत्येकात मुक्ता आणि प्रत्येकात माझा हात. मला माझ्याच हातांची भीती वाटायला लागली. भाजी चिरायची विळी मी माळ्यावर टाकली. मुक्ताला पाजायची वेळ झाली की मी हाक मारायचे, "आई, इथे बसशील?" आई यायची आणि उंबऱ्याशी बसायची. जवळ नाही, दारापाशी. पाजून झालं की मी लगेच मुक्ताला आत्याकडे द्यायचे आणि खोलीतून बाहेर पडायचे.

आंघोळ घालायला गंगव्वा यायची. पाय पसरून, पायांवर मुक्ताला पालथी घेऊन, अर्ध्या कानडीत अर्ध्या मराठीत तिच्याशी भांडत तेल चोळायची. मी न्हाणीच्या भिंतीला पाठ लावून बाहेर उभी राहायचे. पाण्याचा आवाज, मुक्ताचं किंचाळणं, मग अचानक गप्प होणं, मग ओव्याच्या धुरीचा वास. भिंत केवढीशी, वीतभर. पलीकडे माझी मुलगी होती आणि मला तिची इतकी ओढ लागायची की दूध यायचं आणि पोलकं भिजायचं. तरी मी आत जायचे नाही. मी आत गेले नाही तरच ती सुखरूप राहील, असं मला वाटायचं.

"आई आहेस का पावणी?" गंगव्वा एकदा म्हणाली. "धर की लेकराला."

"दमलेय मी," मी म्हणाले.

एका रविवारी सुजित येऊन गेला. जाताना चपला घालता घालता खालच्या आवाजात म्हणाला, "श्यामल, तुला मुलगा हवा होता का?"

मी त्याची पिशवी त्याच्या हातात दिली. काय सांगणार होते मी? तो दहा-बारा दिवसांनी आम्हाला न्यायला येणार होता, आणि मग दिवसभर घरात मी आणि मुक्ता, दोघीच.

दुसऱ्या दिवशी मी रेहानाला फोन केला.

तिची खोली तंतुवाद्यांच्या गल्लीत आहे, खाली तंबोऱ्यांचं दुकान, वर ती. जिन्यात वाळवलेले भोपळे टांगलेले असतात. मी तिच्यासमोर बसले तेव्हा खाली कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा लावत होतं. ती लागली. मग एका दमात सगळं सांगितलं, सुरीपासून हंड्यापर्यंत. सांगून झाल्यावर ती उठून दार उघडेल आणि कुणालातरी बोलावेल, असं मला वाटत होतं.

तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "चित्र आलं की तू काय करतेस?"

"पळते. तिला दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देते आणि पळते."

"म्हणजे तिला वाचवायला पळतेस."

मी रडायला लागले. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "असे विचार पुष्कळ आयांना येतात गं. सांगत कुणीच नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं आपणच राक्षसीण. यावर काम करता येतं, मी करेन तुझ्याबरोबर. झोपतेस किती?"

"ती झोपली तरी मी जागीच असते."

"जेवण?"

"घास उतरत नाही."

"मग आधी डॉ. बिराजदार, मनोविकारतज्ज्ञ आहेत. आजच फोन करते त्यांना."

"नको. तू ऐक ना फक्त. मला बोलायचंच होतं. गोळ्या घेतल्या तर दूध तोडायला लावतील. आणि तिथे वेडे जातात."

"तिथे तुझ्यासारखे जातात. बाकीचे घरात बसतात." ती हसली नाही. "श्यामल, मी जे करून घेणार आहे त्याला अंगात थोडं बळ लागतं. तुझ्यात आत्ता ते नाही. शिवाय हा सगळा थायरॉइडचा खेळ आहे का, आणखी काही आहे का, ते मला तपासता येत नाही. ते बघतील. डोहाळजेवणाला काय सांगितलं होतं मी?"

"वाद घालायचा नाही."

"मग?"

घरी मी नुसतं "दवाखान्यात जायचंय" म्हणाले. आत्याने कुठला दवाखाना ते खोदून विचारलं आणि कळल्यावर कपाळाला हात लावला. "डोक्याच्या डॉक्टरकडं? बाहेरचं काहीतरी असंल, आधी मीठ-मोहऱ्या ओवाळू दे. लोक काय म्हणतील, बाळंतीण तिथं गेली म्हणून?"

"लोकांना सांगायला कोण जातंय, वन्सं?" आई म्हणाली. तिने नेसूचं लुगडं बदललं होतं. "मी जाते हिच्याबरोबर."

मला नवल वाटलं. आई कुठे जात नसे. माझं बाळंतपण झालं त्या दवाखान्यातसुद्धा माझ्यापाशी आत्याच राहिली होती. आई डबा घेऊन यायची आणि दारातून द्यायची. रिक्षात मुक्ता कुणी घ्यायची हा प्रश्न आला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी दुपट्यात गुंडाळून ती आमच्या दोघींच्या मांड्यांवर आडवी ठेवली, अर्धी माझ्याकडे, अर्धी आईकडे. रिक्षावाला आरशातून बघत होता.

डॉ. बिराजदार रेहानासारखे नव्हते. तिच्या खोलीत वेळ थांबलेला असायचा, इथे बाहेर बाकांवर माणसं होती, निम्मी कर्नाटकातून आलेली. ते भराभर विचारत होते आणि लिहीत होते. झोप, भूक, वजन, टाके, आधीचे आजार.

"विचार येतात म्हणालात. कुणी तसं करायला सांगतंय, असं ऐकू येतं का?"

"नाही."

"तसं करणं बरोबर आहे, बाळाच्या भल्याचं आहे, असं वाटतं?"

"नाही हो. मरून जावंसं वाटतं त्या विचारानेच."

पेन थांबलं. "मरून जावंसं म्हणजे? जिवाचं काही करून घ्यायचा विचार?"

"नाही. तिच्याजवळ जायचंय मला. एवढंच."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून नीट बघितलं. "हे महत्त्वाचं होतं म्हणून विचारलं. कुणी सांगतंय असं असतं, तर मी तुम्हाला आजच दाखल करून घेतलं असतं. तुमचं तसं नाही. रक्त तपासू. गोळी देतो, दूध चालू ठेवून घेता येते अशी. गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच सोडायची नाही. आणि रेहाना मॅडमकडे जात राहायचं. माझी गोळी पाण्याची पातळी खाली आणेल. पोहायला त्या शिकवतील." मग पुढचा रकाना. "घरात कुणाला असा त्रास? आईला, बहिणीला, बाळंतपणानंतर?"

"नाही," मी म्हणाले.

"मला," आई म्हणाली.

ती दारापाशीच्या खुर्चीवर बसली होती. तिथे ती बसली आहे हेच मी विसरले होते.

"हिच्या वेळी," ती डॉक्टरांकडे न बघता, जमिनीकडे बघत बोलत होती. "वन्संनी पाचवीला कोयता ठेवला होता उशाखाली. मी तो आडात टाकला. नवा आणला, तोही टाकला. घरात म्हणाले, हिच्या अंगात आलंय. मी कुणाला काय सांगणार? वन्संना म्हटलं, पोर तुमची. मला लेकराचं काही कळत नाही, तुम्हीच बघा. त्यांना मूल नव्हतं. त्यांनी घेतलं."

"मग तुम्ही बाळाला घ्यायचाच नाहीत?"

"दुसरं कुणी असलं तरच. एकटीनं नाही कधी."

"किती दिवस चाललं ते?"

आईने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"अजून," ती म्हणाली.

बाहेर कंपाउंडर कुणाचंतरी नाव पुकारत होता. मांडीवर मुक्ता चुळबुळत होती. मला काय काय आठवलं ते सांगता येणार नाही. तापात मी फणफणलेली, आत्या उशाशी आणि आई दारात. दहावीचा निकाल, आत्याची मिठी आणि आई उंबऱ्यावर हातात साखर घेऊन. माझं लग्न, माझी पाठवणी. आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत ती कडेला आहे आणि प्रत्येक फोटोत ती कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघते आहे. माझ्यावर तिचा जीव नाही, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. मग त्या गोष्टीचं वाईट वाटून घ्यायचंही मी सोडून दिलं होतं.

"काकू," डॉ. बिराजदार म्हणाले, "तुमचाही केसपेपर काढू."

"आता कशाला? ही मोठी झाली."

"नात महिन्याची आहे."

आईला त्यांनी गोळी दिली नाही. सगळं विचारून घेतलं आणि चिठ्ठीवर रेहानाचं नाव लिहिलं. मला रेहानाने त्यांच्याकडे पाठवलं होतं, त्यांनी आईला रेहानाकडे पाठवलं. परीक्षेत मी जो फरक लिहायचे, त्यात हे कुठे नव्हतं.

मी पुण्याला जायचं लांबवलं. सुजितला रेहानाच्या खोलीत बोलावून, तिच्यासमोर सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मी मूर्खासारखं विचारलं होतं ना तुला." गोळीने आधी झोप आली, मग भूक. मग रेहानाने घरी करायच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. विळी माळ्यावरून खाली काढायची. मग ती मुक्ताच्या खोलीत न्यायची. मग तिथे बसून गवार निवडायची, कांदा चिरायचा, पाळण्याकडे पाठ न करता. चित्र आलं तर येऊ द्यायचं, पळायचं नाही. पहिल्या दिवशी मी एक कांदा चिरला आणि घामाने निथळले. आत्या म्हणाली, "बाळाच्या डोळ्यात कांदा घालायला लावतीय, ही कसली डॉक्टरीण." पण तिनेच दुसऱ्या दिवशी पुढ्यात मेथीची जुडी आणून टाकली.

आईही रेहानाकडे जायची, गुरुवारी. पहिल्या वेळी ती नुसत्या खालच्या तारा लागताना ऐकत बसली म्हणे. नंतर काय बोलली ते रेहानाने मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी गंगव्वाच्या शेजारी बसून मी मुक्ताला न्हाऊ घातलं. माझ्या पायांवर. गंगव्वा नुसती पाणी ओतत होती. दुपारी मुक्ताला पाळण्यात टाकून मी खोलीतच लवंडले होते, तर आई आली. हातात तेलाची वाटी होती. ती दारात थांबली, सवयीने. मग उंबरा ओलांडून आत आली आणि पलंगावर बसली.

"बस खाली," मला म्हणाली.

मी तिच्या पायांशी जमिनीवर बसले. आत्या तिथेच भिंतीला टेकून वाती वळत होती. वाटी हातातून पलंगावर ठेवल्याचा आवाज आला.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता?"

आत्याने वर बघितलं. "मी? का गं?"

"बसा जरा. आणि दार लोटून घ्या."

आत्या उठली. मला वाटलं आता टोमणा येणार. पण तिने वातींचं ताट उचललं, आईच्या खांद्याला ओझरता हात लावला आणि बाहेर जाऊन दार लोटलं.

पाळणा हलायचा थांबला होता. खोलीत आम्ही तिघी होतो. माझी पाठ आईच्या गुडघ्यांना टेकली होती. मी वळून बघितलं नाही. मग डोक्यावर तेलाचा एक थेंब पडला, आणि त्याच्यामागून तिची बोटं आली.

तिला चोळता येत नव्हतं. लहान मुलांना लावतात तसं टाळूवर नुसतं थापत होती. कदाचित तिच्या मनात तिथूनच सुरू करायचं होतं.

मुक्ता आता शाळेत जाते. गोळी डॉक्टरांनीच हळूहळू कमी करून थांबवली. कधीतरी, थकलेली असले की, एखादं चित्र अजून येतं; मी कांदा चिरत राहते. सुट्टीत मिरजेला गेलो की आई मुक्ताची वेणी घालते, फार घट्ट, आणि मुक्ता कुरकुर करते. मी शेजारी बसून बघते. माझ्या वाट्याचं जे राहून गेलं, ते त्या वेणीत बघायला मिळतं. पण ते माझं होत नाही. माझ्या हाताला ती लांब काळी किल्ली लागते, माझ्या पर्समध्ये असते ती, आणि वाटतं की आईलाही कुणीतरी वेळेवर विचारायला हवं होतं.

म्हणून सांगते. तुमच्या घरात, शेजारात नुकतंच मूल झालं असेल तर आज जा, जमलं नाही तर फोन करा. बाळाला नंतर बघा. त्याच्या आईपाशी बसा, ती "सगळं छान आहे" म्हणाली तरी लगेच उठू नका, झोप लागते का विचारा. मनात काय काय येतं ते विचारा आणि उत्तर ऐकून दचकू नका. आणि निघताना उंबऱ्याशी कुणी बसलेली दिसली, आत न येणारी, तर तिच्यापाशीही थांबा. तिला कुणी विचारलंय का, ते बघा.